तोकुजींच्या खिशातले कार्ड

या मित्रांनो, जरा जवळ सरका. आज राजाराणीची नाही, माझीच कथा सांगतो. मी एक जुने कार्ड आहे, जपानच्या रेल्वेचे. माझ्यात आधी पैसे भरायचे आणि स्टेशनात शिरण्याच्या फाटकावर मला टेकवायचे. टिट् वाजले की वाट मोकळी.

ओनोमिची शहराच्या चढणीवर राहणारे तोकुजी माझे धनी. शाळाशाळांतून जाऊन पियानोचे सूर लावायचे, हे त्यांचे काम. बुवा वीणेची तार पुसतात ना, तसे ते फाटकापाशी मला अंगठ्याने एकदा पुसत. त्याने माझा एक कोपरा पार गुळगुळीत झाला.

मग एके दिवशी ते गेले. त्यांच्या पत्नी फुसाए आजींनी मला देव्हाऱ्यात, त्यांच्या फोटोपुढे ठेवले. रोज भाताची वाटी, उदबत्ती, घंटीचा एक ठोका. मान मोठा खरा! पण नाम पोथीत बांधून ठेवले तर फळत नाही, ते ओठांवर यावे लागते. माझेही तसेच. दहा वर्षे फाटकाला टेकलो नाही, तर मी कायमचा मुका होतो. नऊ वर्षे अकरा महिने उलटले होते आणि आजींच्या गुडघ्यांना चढण उतरवत नव्हती.

तेवढ्यात त्यांच्याकडे भाड्याच्या खोलीत उतरली इंडोनेशियाची रतिह.

"मियाजिमा बेटावर निघालीस ना? तिकिटाच्या रांगेत कशाला उभी राहतेस, हे ने."

"आजी, तुम्हाला लागलं तर?"

"मी कुठे जातेय बाई! पायऱ्या पाहिल्यास ना? मांजरंसुद्धा मधे बसून दम खातात."

कार्ड कुणाचे, ते आजींनी सांगितले नाही. पाहुणीच्या मनावर ओझे कशाला!

टिट्! काय सांगू तो आनंद! आधी आगगाडी, मग ट्राम, मग बोट. दिवसभर हिंडलो.

संध्याकाळी परतल्यावर रतिहला आजींची दया आली. प्रवास संपला की पाहुणे कार्ड परत करून सुरुवातीला भरलेली अनामत घेतात, हे तिला ठाऊक होते. आजींचा हेलपाटा वाचावा म्हणून तिने मला स्टेशनच्या खिडकीत ठेवले. एकदा परत केलेले कार्ड पुन्हा घरी जात नाही. ओरडावे, तर मला वाचा कुठली?

खिडकीतल्या निशिगाकींनी मला यंत्राला लावले आणि ते थबकले. "ताई, आजच्या आधीचा प्रवास जवळजवळ दहा वर्षांपूर्वीचा दिसतोय. कार्ड तुमचंच का?"

"नाही, घरमालकीणबाईंचं."

"त्यांना विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? पैसे त्यांनाच तर देणार!"

"पैसे मिळतील हो, कार्ड नाही मिळणार. आणि ताई, याला उदबत्तीचा वास येतोय."

रतिहने मला नाकाशी नेले. मग दोन्ही हातांत घट्ट धरून ती चढण धावत चढली.

"आजी, हे कुणाचं?"

आजींनी हात पुढे केला. मला फोटोपुढे ठेवले, घंटी वाजवली. "आलात? दमलात का हो? बोट लागली नाही ना? तुम्हाला नेहमी लागायची."

रतिहला सारे उमगले. ती शेजारी गुडघे टेकून बसली आणि आम्ही कुठेकुठे गेलो ते तिने फोटोला एकेक करून सांगितले.

मित्रांनो, दुसऱ्याची जुनी वस्तू निकालात काढण्याआधी ती कुणाची, एवढे एकदा विचारा. माझ्यावर कुणाचेही नाव छापलेले नाही. म्हणून हात जोडून एकच मागतो: कुठे पियानो सुरात वाजताना ऐकलात, तर ओनोमिचीच्या तोकुजींची आठवण काढा.