सासू परत आली म्हणे

माझ्या नणंदेनं माझ्या तीन वर्षांच्या नातीच्या पायांवर डोकं ठेवावं, तेही भर अंगणात, शेजारीण बघत असताना, हे मला मुळीच खपलं नाही.

"माय, आली वं तू परत!" जनकाबाई हुंदके देत होती. पायल कमरेवर हात ठेवून उभी.

झालं होतं एवढंच. नीरजानं, माझ्या सुनेनं, पोरीपुढे वरणभात ठेवला. पोरीनं एक घास खाल्ला, हाताच्या पाठीनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "कोन्या जनावराले रांधलं हे?"

ते बोलणं माझ्या सासूचं, कौतिकाबाईचं. ते ताट सरकवणंही तिचंच. कौतिकाबाई गेली तेव्हा नीरजा या घरात आलीसुद्धा नव्हती, मग पायल कुठली! त्या एका वाक्यानं सासूनं माझी तरुणपणाची जेवणं नासवली. मी खाली मान घालून ताट उचलायची आणि मनाशी म्हणायची, काहीही होईन, पण या बाईसारखी होणार नाही. नाहीच झाले. सोनाळ्यात कुणालाही विचारा.

"जनकाबाई," मी म्हटलं, "दर पुनवेले विहारात तुमी सगळ्याइच्या पुढं बसता. आत्मा नाई, पुन्हा जन्म नाई, हे भन्तेजी कोनाले सांगतात? खांबाले?"

"मले समजते, वैनी. पन माय आठवते, त्याले मी काय करू?"

माझी शाळा दुसरीत सुटली, पण बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. तिथे मात्र उठून तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.

जनकाबाई सासरहून, हिवरा आश्रम गावाहून, चार दिवसांसाठी माहेरी आलेली. चार दिवसांत तिनं पोर पार बिघडवली. आईचं जुनं लुगडं तिच्या अंगावर टाकलं, बाजेवर बसवून गूळ-शेंगदाणे भरवले. पोर 'पायल' म्हटलं तर वळेना.

"पायल, ये वं, वेणी घालते," नीरजा म्हणाली.

"मी पायल नाई. मी माय हाय."

नीरजा हातात फणी घेऊन तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरलेले मी पाहिले. म्हटलं, आता बस झालं. हे सोंग पोर कुठून शिकली ते मी शोधून काढते. शेजारणीवर माझा संशय होता.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. मी वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला. मिठाचा पत्ता नाही.

"कोन्या जनावराले रांधलं हे?"

शब्द माझ्याच तोंडातून पडले. ताट वीतभर पुढे गेलेलं, आणि माझ्या हाताची पाठ अजून त्याच्या काठाला टेकलेली.

नीरजा दचकली नाही. रागावलीही नाही. रोजची सवय असल्यासारखी खाली मान घालून ताट उचलायला वाकली. मी वाकायची, अगदी तशी.

मी ताट घट्ट धरलं. "राहू दे. मीठ आन, अन् तूबी बस जेवाले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बसली. मीठ टाकूनही भाजीला फार चव आली, असं मी म्हणणार नाही. पण खाल्ली. खाताखाता मला हसू फुटलं, ते आवरेना. पायलही उगाच हसायला लागली, लुगडं बाजेवर टाकून आईच्या मांडीत येऊन बसली.

जनकाबाईचा घास हातातच राहिला होता.

"काय पाह्यता?" मी म्हटलं. "लेकराचे पाय सोडा आता. पायल पायलच हाय. तुमची माय कोठी गेलीच नाई, ते माह्यात ठाण मांडून बसली हाय. पाया पडाचंच असंन, तं माह्या पडा."