पायलच्या फॉर्मवरचा नंबर

"फॉर्मवर मुलीच्या घरचाच नंबर टाका, मॅडम," डोंबिवलीचा सायबर कॅफेवाला म्हणाला होता. संचिताने ते हसण्यावारी नेलं. शेजारच्या पायलच्या घरी एकच फोन, तोही बापासोबत शीळफाट्याला कामावर. म्हणून शिष्यवृत्ती परीक्षेच्या फॉर्मवर तिने स्वतःचा नंबर दिला. शिष्यवृत्ती मिळाली तरच बाप पायलला अकरावीला घालणार होता.

पुढे संचिताचं बाळ तापाने फणफणलं आणि परीक्षेची तारीख सांगणारा मेसेज तिने उघडलाच नाही. परीक्षा काल होऊन गेली.

"जाऊ दे ना ताई, बाळाला बघा तुम्ही," रात्री संचिताने हे सांगितलं तेव्हा एवढंच म्हणून पायलने दार लावून घेतलं.

आज दवाखान्याच्या रांगेतून संचिताने चाळीच्या ग्रुपवर लिहिलं, "पायल शाळेत आली नाही म्हणे. घरी एकटी आहे. कोणीतरी आत्ता दार वाजवून बघा."