अहो, डावीकडे

माझ्या आईला पाण्याची भयंकर भीती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती एकदाही होडीत बसली नव्हती. दर ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीत आम्ही ओकुनो तलावावर तेच लाकडी घर भाड्याने घेतो, बाबा शेडमधून तीच जुनी होडी बाहेर काढतात, आणि आई धक्क्यावर छत्री उघडून बसते नि "लवकर या" एवढंच म्हणते. या वर्षी मात्र पहिल्याच दिवशी ती लाइफ जॅकेट चढवून होडीच्या टोकाला जाऊन बसली. दोन्ही हातांनी फळी गच्च धरलेली, चेहरा पांढराफटक.

"आईला म्हातारपणी हौस सुटलीय," माझा धाकटा भाऊ मित्सुहिरो म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. माझं डोकं तेव्हाच चालायला हवं होतं, पण माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं. हे माझ्या नवऱ्याचं मत आहे आणि ते खोटं नाही.

दुसरी गोष्ट, आई बोलायला लागली होती. आमची आई मोजून मापून बोलणारी बाई. लहानपणी आम्ही तिला 'घड्याळ' म्हणायचो, कारण तासातून एकदाच आवाज. आता तिच्या तोंडाला खीळ उरली नव्हती. "अहो, दोन पायऱ्या आहेत." "अहो, सूप उजव्या हाताला, गरम आहे." "अहो, शेजारचे कुरामोची येताहेत, निळा शर्ट." सकाळपासून रात्रीपर्यंत हेच.

"आकाशवाणी सुरू झाली," मित्सुहिरो भात वाढून घेताना म्हणायचा.

मला ते गमतीचं वाटत नव्हतं. माझी चिडचिड व्हायची. पहिल्या रात्री जेवताना मी आईवर खेकसलेच, "आई, बाबा काय कुक्कुलं बाळ आहेत का? त्यांना दिसत नाही का सूप कुठाय ते?"

आईने खाली मान घातली. बाबा मात्र मोठ्याने हसले. "बोलू दे गं चिझुरु. इतक्या वर्षांचं साठलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवर मीही होते. पुढे आई, मध्ये मी आणि माझी आठ वर्षांची कोनोहा, मागे इंजिनाच्या दांड्यावर बाबा. इंजिन एवढंसं, परवानासुद्धा लागत नाही असलं. तलाव सुट्टीच्या गर्दीने भरलेला. कोणी वल्ही मारतंय, कोणी फुगवलेल्या रबरी ट्यूबवर पाय पसरून पडलंय, आणि पांढऱ्या हंसांच्या पायडल होड्या तर विचारू नका. त्यातला एक हंस समोरून आला. आत एक तरुण जोडपं, एकमेकांचे फोटो काढण्यात गर्क. मला वाटलं, बाबा आता वळवतील. बाबा वळवेनात.

"अहो, डावीकडे! डावीकडे! अहो!"

आईचा तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बाबांनी दांडा ढकलला आणि हंसाची चोच माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावरून गेली. ती मुलगी किंचाळली.

"आजकालच्या पोरांना पायडलसुद्धा मारता येत नाही," बाबा म्हणाले.

आणि मी काय केलं? मी आईलाच झापलं. "तू सारखी मध्ये मध्ये ओरडतेस म्हणून ते गोंधळतात! जरा गप्प बसशील का?"

आई गप्प बसली. धक्क्यावर उतरताना ओल्या फळीवरून ती घसरली आणि घोटा मुरगळला. संध्याकाळपर्यंत तो भोपळ्यासारखा सुजला. आता चार दिवस होडी नाही की काही नाही, खुर्चीत बसून राहायचं. मी बर्फ बांधून दिला. तिला दुखतंय म्हणून ती रडतेय असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता बाबा कोनोहाला बेंतेन देवीच्या बेटावर नेणार होते. ही आमच्या घरची रीत. पोर आठ वर्षांचं झालं की आजोबा किंवा बाप त्याला एकट्याला बेटावर नेतो, तिथल्या लहानशा देवळापुढे भाताचा गोळा ठेवायचा, टाळी वाजवून नमस्कार करायचा, आणि परत येताना दांडा त्या पोराच्या हातात. मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला असंच नेलं होतं. येताना मी होडी वेतांच्या जाळीत घुसवली आणि बाबा पोट धरधरून हसले. मित्सुहिरोच्या दोन्ही मुलांची पाळी होऊन गेली होती. कोनोहा वर्षभर दिवस मोजत होती.

त्याआधी दुपारी कलिंगड. रात्रभर जाळीत घालून तलावात सोडलेलं, गारढोण. वाळूवर चादर अंथरून त्यावर ते ठेवायचं, खेळणाऱ्याच्या डोळ्यांना टॉवेल बांधायचा, हातात काठी द्यायची, तीन गिरक्या घालायच्या, आणि मग बघणाऱ्यांनी वाटेल ते ओरडायचं. खरं ओरडा, खोटं ओरडा, सगळं माफ. मित्सुहिरोच्या मोठ्याने पाण्यात काठी मारली. धाकट्याने बापाच्या चपलेवर. कोनोहाने वाळू झोडपली आणि हसता हसता खालीच बसली.

शेवटचे बाबा. मीच त्यांना टॉवेल बांधला, मीच गिरक्या घातल्या.

"बाबा, उजवीकडे! अजून उजवीकडे!" मित्सुहिरो बोंबलला. "अहो मागे वळा, कलिंगड पळालं!"

"आजोबा, सरळ! सरळ!" पोरं खोटंच ओरडत होती. शेजारच्या घरातली माणसंही येऊन ओरडायला लागली. नुसता कल्ला. आणि त्या कल्ल्यात, सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेली आई, रोजच्या त्याच बारीक आवाजात म्हणाली, "अहो, डावीकडे. अजून थोडं. आता सात पावलं."

बाबा वळले. स्वतःच्या घरातल्या न्हाणीघराकडे जावं तसे सात पावलं चालले, थांबले, काठी उचलली. कलिंगडाचे दोन तुकडे.

टाळ्याच टाळ्या. कुरामोचीकाकांनी शिट्टी मारली. बाबांनी टॉवेल सोडला.

आणि काहीच बदललं नाही.

टॉवेल सुटल्यावर माणूस काय करतो? डोळे मिचकावतो, इकडेतिकडे बघतो, आपण कुठे येऊन पोचलो ते बघून हसतो. बाबा तसेच उभे होते. मान तशीच किंचित कललेली, चेहरा तलावाकडे, कान आईकडे. लालभडक कलिंगड त्यांच्या पायाशी फुटून पडलं होतं आणि त्यांनी खाली पाहिलं नाही. मग कोनोहा पुढे गेली, तिने एक तुकडा उचलला, त्यांचा हात धरला, आणि तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवून त्यांची बोटं मिटवली. जशी काही रोजच मिटवत असावी.



एकदा दिसलं की मग सगळंच दिसायला लागतं. यंदा ते गाडी न घेता बसने आले होते. म्हणे कंबर दुखते. जवाचा चहा ओतताना बोट पेल्याच्या काठाच्या आत धरत होते. आणि फेब्रुवारीत कोनोहाची हनुवटी फुटली, तीन टाके पडले, तेव्हा मी त्यांना फोटो पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं होतं, 'छान आहे.' मी आठवडाभर त्यांचा फोन घेतला नव्हता.

आई लंगडत आत गेली तशी मी मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून?"

आईने कसलं कधीपासून असं विचारलं नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. "नोव्हेंबर. उजव्या डोळ्याने काही नाही. डाव्याने धुकं. सकाळी जरा बरं असतं, ऊन समोरून आलं की तेही नाही. गाडीचा परवाना आपण होऊन परत देऊन आले."

"आणि होडी?"

"शेवटचा उन्हाळा म्हणाले. एवढी कोनोहाची पाळी करून देतो, मग संपलं. मी म्हटलं, मी पुढे बसेन."

"तुझा तर पाय मोडलाय! आज पुढे कोण बसणारेय?"

आईने ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"आई, आज पुढे कोण?"

"तिला सगळं शिकवलंय," आई म्हणाली. "डावं, उजवं, थांबा. वसंतात तुम्ही चार दिवस आला होतात ना, तेव्हापासून आजोबा नि ती खेळताहेत. तिला खेळच वाटतो. बेट काही लांब नाही. गर्दी चारनंतर कमी होते."

मी आईवर आजवर खूप ओरडले आहे, त्या वेळी मात्र ओरडले नाही. "माझी पोर," मी म्हणाले. "काल तो हंस, आई. तू बघितलंस. तू होतीस. आणि माझ्या आठ वर्षांच्या पोरीला तू..."

"मला कळतं," आई म्हणाली.  "मी रात्रभर झोपले नाही. सकाळी सांगणार होते. पण कळल्यावर तू काय करशील ते त्यांना ठाऊक होतं."

"काय करेन?"

"सगळ्यांसमोर होडीची किल्ली काढून घेशील."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. बाहेर कोनोहाचा आवाज नव्हता. मी अनवाणी धावले.

शेडपाशी कोनोहा दिसली. कुरामोचीकाकू तिच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होत्या. भाताचा गोळा रुमालात बांधून तिने छातीशी धरला होता. मी तिला म्हटलं, "इथून हलायचं नाही. मी हाक मारेपर्यंत एक पाऊल नाही." माझ्या तोंडाकडे बघून तिने नुसती मान डोलावली.

धक्क्याच्या टोकाला होडी बांधलेली होती. बाबा मागच्या फळीवर बसले होते. नवीन टोपी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टॉवेल. इंजिनाची लाल दोरीची किल्ली मनगटाला अडकवलेली. मी फळ्यांवरून चालत गेले आणि त्यांच्यापासून चार हातांवर थांबले. माझ्या पाठीशी सूर्य होता. ते थेट माझ्याकडे बघत होते.

मी बोलणार होते. वाक्य तयार होतं, चांगलं धारदार होतं.

"आलीस?" बाबा म्हणाले. आवाज इतका मऊ, की तो माझ्यासाठी नाही हे लगेच कळलं. "किती हळू चालतेस आज. घाबरलीस होय? अगं, तुझी आई आठ वर्षांची असताना या होडीत अशी ऐटीत बसली होती की जणू तलाव तिच्या बापाचाच. गेली सरळ वेतात."

मी उभीच राहिले.

"आणि ते काल सांगितलेलं लक्षात आहे ना? आईला सांगायचं नाही." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "ती भांडेल म्हणून नव्हे हो. तिचं भांडण मला चालतं. सकाळी तिचा फोन येतो, बाबा तुम्ही असं का केलंत, बाबा तुम्हाला कळत कसं नाही, मग माझा दिवस बरा जातो. हे कळलं ना, की ती भांडायची थांबेल. गोड बोलायला लागेल. डॉक्टर लोक बोलतात तसं. ते मला नको." ते हसले. "चल, बस पुढे. पहिलं काय सांगायचं असतं?"

मागे कुठेतरी लोक कणसं भाजत होते, त्याचा वास येत होता. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायलाही सुचत नव्हतं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती. होडीत उतरून त्यांच्या शेजारी बसावं, हात धरावा, बाबा काही नाही हो, आपण दुसरा डॉक्टर बघू, असं म्हणावंसं वाटत होतं. अगदी तसंच, गोड.

मी नाक वर ओढलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"लाज नाही वाटत?"

बाबांची मान झटकन वर झाली.

"आठ वर्षांच्या पोरीला पुढे बसवून निघालात? बहात्तर वर्षांचे झालात, अक्कल कुठे गहाण टाकलीत? काल तो हंस आमच्या डोक्यावर बसला असता! आणि फेब्रुवारीत तिची हनुवटी फुटली तर म्हणे छान आहे! छान? मी आठ दिवस रडले, माहितीये? सांगता येत नव्हतं? तोंड शिवलं होतं?"

धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली. शेडमधून मित्सुहिरो धावत येत होता. मी थांबले नाही. थांबले असते तर संपलंच होतं.

"ती किल्ली इकडे द्या. आत्ताच्या आत्ता. होडी मी चालवेन. तुम्ही मध्ये बसायचं, गुपचूप. येताना दांडा कोनोहा धरेल आणि तुम्ही तिला शिकवाल. वेतात गेली तर जाऊ दे. पण यापुढे या इंजिनाला हात लावलात तर बघा!"

बाबांनी गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसलं.  मग त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं. त्याला हसूच म्हणावं लागेल.

"ओरडतेस केवढ्याने," ते म्हणाले. "सगळा तलाव ऐकतोय."

त्यांनी मनगटावरून लाल दोरी सोडवली आणि किल्ली पुढे केली. मी होते त्याच्या कितीतरी डावीकडे, जिथे कोणीच नव्हतं, नुसतं पाणी होतं. हात तसाच लांब करून ते वाट बघत राहिले.

मी आवाज न करता दोन पावलं सरकले आणि त्यांचा हात होता तिथे जाऊन उभी राहिले.

"नीट धरा," मी खेकसले. "पडेल."