दोन सर्व्हरमधली वायर

उरवड्याच्या कारखान्यात कौस्तुभने दोन सर्व्हर बसवले होते. दोघांत मिळून डेटाबेस एकच, डिस्कही सामायिक. त्यांनी सतत एकमेकांची खबर घ्यावी म्हणून वेगळं नेटवर्क होतं. त्यावर दुसरं काही जोडायचं नाही, हा नियम कौस्तुभनेच घातलेला.

आणि सप्ताहाचं कीर्तन घरोघरी फोनवर दिसावं म्हणून शेजारच्या मंदिरातल्या कॅमेऱ्याची वायर त्यानेच गुपचूप तिथे जोडली. देवाच्या कामाला कसला नियम, असं मनाला समजावलं.

बुवा रंगात आले, बघणारे वाढले आणि त्या भाराने सर्व्हरना एकमेकांची खबर मिळेना. दुसरा मेला असं समजून एकाने त्याला बंदच केलं. त्या गोंधळात गेटपास निघेनात, भरलेले ट्रक फाटकात अडकले.

मॅनेजर नलिनीताई तडक कीर्तनाच्या मांडवात आल्या आणि वायरमन विश्रामकाकांवर उखडल्या. "सकाळी सर्व्हरच्या खोलीत तुम्हीच होतात ना?"

"व्हय ताई. लागला असंल माझा पाय वायरीला."

शेजारी उभ्या कौस्तुभने नजर बुवांकडे वळवली. तेवढ्यात कीर्तन संपलं आणि रिवाजाप्रमाणे जो तो एकमेकांच्या पाया पडू लागला. काकाही त्याच्यापुढे वाकले.

त्याने त्यांचे हात वरच्यावर धरले. "नका काका. कॅमेरा मी जोडला तिथे. ताई, चूक माझी आहे."

नलिनीताईंनी कपाळाला हात लावला. काका मात्र हसले. "बरं झालं सांगितलं तुमी. न्हाईतर पाय डावा लागला का उजवा, ह्याचाच इचार करत बसलो असतो."

आजूबाजूचे हसले. कौस्तुभला मान वर करवेना.