राखीचं खातं उघडेना

राखीनं पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि नावाची तीच चौकट घेऊन पुन्हा समोर उभा राहिला. तिनं पुन्हा टाकला. पुन्हा काळोख, पुन्हा चौकट. दारात थांबवून नाव विचारावं, नाव सांगितलं की दार लावून घ्यावं, असं सकाळपासून चाललं होतं.

"दादा, मले आत घेऊनच नाय राह्यलं हे."

"कोणालेच नाय घेऊन राह्यलं," टेबलाखालून हरीओम बोलला. वाशिमहून दुपारच्या एसटीनं आलेला हा संस्थेचा तंत्रज्ञ तिसऱ्यांदा तीच वायर काढून तीच वायर लावत होता.

कारंज्याच्या त्या कॉलेजात लिनक्सची अकरा यंत्रं. मुलांची खाती मात्र यंत्रांत नव्हती. ती वाशिमच्या सर्व्हरवर होती, आणि ज्याचं त्याचं कामही तिथंच. राखीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्या खात्यात अडकला होता. तुरीच्या पानाचा फोटो दाखवला की रोगाचं नाव सांगणारा. संध्याकाळी पाचच्या आत तो पोर्टलवर चढला नाही, तर वर्ष गेलं.

"दुसरीकडं कॉपी नाय ठेवली?"

"आसेगावले घरी कॉम्प्युटर कुठं हाय, दादा? अन् पेन ड्राइव्ह इथं मॅडम चालू देत नाय."

"व्हायरस येतो," लॅब सांभाळणाऱ्या त्रिशला मॅडम ठामपणे म्हणाल्या. मोबाइलसुद्धा दाराजवळच्या पेटीत टाकूनच आत यायचं, हा त्यांचा नियम. हरीओमचाही मोबाइल पेटीतच होता.

"मॅडम, पुन्हा इचारतो. कोणी कशाले हात लावला होता का?"

"यंत्राला? छे! बोटसुद्धा नाही."

हरीओमनं कपाळावर हात मारला. यंत्राचं स्वतःचं खातं उघडत होतं. सर्व्हर हाकेला ओ देत होता. राखीचं नाव विचारलं तर यंत्र ते ओळखतही होतं. नाव ओळखतं, गाव ओळखतं, आत मात्र घेत नाही! सर्व्हरमधून परस्पर फाईल काढायला मोठ्या साहेबांची परवानगी हवी, आणि लॅबच्या फोनवरून सात वेळा लावूनही साहेब उचलत नव्हते.

त्यानं यंत्र बंद केलं, चालू केलं. साठवलेले जुने पासवर्ड पुसले. राखीचा पासवर्ड बदलून पाहिला. नाही म्हणजे नाहीच.

"काय अवदसा हाय हे!" तो यंत्रावरच खेकसला. "काहून नाय म्हणतं, ते तरी सांग ना बाप्पा!"

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. राखीनं वही मिटली, ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि आईला कळवावं म्हणून पेटीतून मोबाइल काढला. ती तशीच थांबली.

"दादा, माह्या मोबाइलमध्ये चारच पन्नास झाले."

हरीओमनं मोबाइल पाहिला. यंत्राच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली: पाच. दुसरं यंत्र: पाच. तिसरं: पाच.

"मॅडम, ह्या घड्याळायले कोणी हात लावला?"

"घड्याळाला? मीच. शनिवारी." त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "थंडीत दिवस लवकर बुडतो. आम्हा जैनांना दिवसाउजेडी जेवायचं, तर वेळेवर निघायला नको? म्हणून भिंतीवरचं दहा मिनिटं पुढं असतं. पण ही पोरं पडद्यावरची वेळ दाखवतात, उठत नाहीत. मग अकराही पुढं केली. आपोआप मागं यायची, तर ते आपोआपही बंद केलं."

"अन् हात नाय लावला म्हणता!"

"यंत्राला नाहीच लावला!"

हरीओमनं नोंदींची फाईल उघडली. सकाळपासून शंभरदा यंत्रानं तेच लिहून ठेवलं होतं: सर्व्हरच्या आणि इथल्या वेळेत फार फरक. आपण वायरी चाचपत बसलो आणि हे वाचलंच नाही, म्हणून त्यानं स्वतःलाही एक कडक शिवी दिली. सर्व्हर पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो. त्याहून जास्त असला की खरा माणूसही त्याला खोटा वाटतो.

आपोआप वेळ चालू केली. कोपऱ्यातला आकडा मागं सरकला: चार बावन्न.

"टाक पोरी, लवकर."

घाईघाईत राखीचा पहिल्यांदा पासवर्ड चुकलाच.

"आता तू नको चुकू वं!" हरीओम ओरडला.

पुन्हा टाकला. काळोख. मग निळा पडदा, आणि त्यावर तिची फाईल. तिनं ती पोर्टलवर चढवायला घेतली. साठ टक्के, ऐंशी, अठ्ठ्याण्णव. तिथं मिनिटभर हललंच नाही. मग पावती उमटली: चार अठ्ठावन्न.

राखीनं घरी फोन लावला. "आई, चढला."

"कोण चढला? कुठं?" मनकर्णाबाई घाबरल्या.

"प्रकल्प, आई. पास होईन मी."

"मंग रडून कायले राह्यली?"

राखीच्या मागं हरीओम उरलेल्या दहा यंत्रांकडे वळला होता आणि त्रिशला मॅडम त्याला विचारत होत्या, "मग मी वेळेवर निघायचं तरी कसं?"