केवळरामची ऐरण

मी ऐरण बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, घाव पडला की वाजते. माझी भाषा तेवढीच. आंबागडच्या पायथ्याशी एका लोहाराच्या छपरीत, मोहाच्या ओंडक्यात मी कमरेपर्यंत रुतून उभी आहे.

मूळची मी रेल्वेच्या रुळाचा तुकडा. वरठीच्या एका भंगारवाल्याकडे गंजत पडले होते. केवळरामने मला सायकलला बांधून घरी आणलं, तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. मग माझ्यावर विळे घडले, फाळ घडले, कुऱ्हाडी घडल्या. घाव खाऊन खाऊन मी चकचकीत झाले, आणि माझा आवाज ऐकून ऐकून त्याचे कान गेले. आता घरातले त्याच्याशी ओरडूनच बोलतात. मला फार वाईट वाटतं, पण मी काय हळू वाजणार?

त्याचा मुलगा भोजराज वरठीला खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंगने जोडायच्या कामावर होता. गेल्या दसऱ्याला तो नोकरी सोडूनच घरी आला. “दुसऱ्याच्या दुकानात किती दिवस राबू? आता आपलंच काम करू,” म्हणाला. त्याच्या बायकोने, रीनाने, लगेच पदर खोचला. आमच्यात घण बाईच मारते, आणि रीनाचा घण कधी चुकत नाही. दसऱ्याला मला हळदकुंकू, फुलं आणि सुट्टी. दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात.

वेलींच्या जाळ्या, समया, झोपाळ्याच्या कड्या. केवळराम आधी खो खो हसला. “लोखंडाची पानं कोन्ती बकरी खाईन रे?” पण चार दिवसांत स्वतःच पानं घडवत बसला, आणि पोरापेक्षा नाजूक घडवू लागला. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे.

मग भंडाऱ्याकडे नवं घर बांधणाऱ्या ललिताबाई आल्या. त्यांना मोराचं फाटक हवं होतं. “हे चांगलं झालं तर आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांची कामं तुम्हालाच,” त्या म्हणाल्या. त्या फाटकावर या घराचं सगळं टांगलेलं होतं. रीनाने खडूने जमिनीवर मोर काढला आणि तो पुसला जाऊ नये म्हणून कोंबड्यांनासुद्धा हाकलत राहिली.

फाटक तयार झालं. भोजराज रंग आणायला गेला होता. बिजागरीसाठी त्याने आणून ठेवलेल्या पिना म्हाताऱ्याने हातात घेतल्या आणि नाक मुरडलं. “हे नरम लोखंड कायले? मी कमानीचं करून देतो.” ट्रकच्या जुन्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या पोलादी स्प्रिंगच्या पट्टीचा, तुकडा तापवून त्याने सुरेख पिना घडवल्या. आणि शेवटी, आयुष्यभर केलं तेच केलं: लालबुंद पिना पाण्यात बुडवल्या. विळ्याला असं पाणी दिलं की धार टिकते. पण त्या कडकपणावर भार पडला तर लोखंड तडकतं.

सरळ करायला त्याने पिन माझ्यावर ठेवून हलकेच ठोकली. आवाज काचेसारखा आला. केवळराम, अरे हा विळा नव्हे रे! मी जिवाच्या आकांताने वाजले. पूर्वीचा केवळराम त्या एका आवाजावर थबकला असता. आताच्या केवळरामने पिना धोतराने पुसल्या आणि समाधानाने बाजूला ठेवल्या.

ललिताबाईंच्या वास्तुपूजेच्या दिवशी एका पाहुण्याची मोटरसायकल त्या फाटकाला नुसती टेकली. वरची पिन कट्कन तुटली आणि फाटक आडवं झालं. कोणाला लागलं नाही एवढंच नशीब. टेम्पोतून फाटक परत आलं तेव्हा मोराची मान वाकली होती.

“काहून तुटली जी?” रीनाने विचारलं.

भोजराजने तुटलेल्या जागेचे चमकते दाणे पाहिले. त्याला कळलं, हे बापाने पाणी दिलेलं लोखंड. पण तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, “माहीच वेल्डिंग कच्ची राहिली.”

केवळरामने पिन हातात घेतली. तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. कान गेले तरी अंगठा शाबूत होता. तो उठून घरात गेला.

ललिताबाईंच्या ओळीतून कोणी आलं नाही. भोजराज पुन्हा सकाळी मोटरसायकल काढून वरठीला जातो. रीना मळणीच्या कामावर जाते. माझ्यावर पोतं टाकलंय आणि त्यावर कोंबडी बसते. या वाटेने गेलात तर त्या म्हाताऱ्याजवळ घडीभर बसा. त्याचा हात अजून चांगला आहे, कोणीतरी त्याचे कान व्हा, एवढंच माझं मागणं आहे.

काल संध्याकाळी तो आला होता. पोतं बाजूला करून त्याने त्या तुटक्या पिनेने मला ठोकलं आणि वाकून कान माझ्या अंगाला लावला. माझ्यात होतं नव्हतं तेवढं मी वाजले.

“वाजली का वं, रीना?”

“वाजली जी, मामाजी!” चुलीपासून रीना सासऱ्याला ऐकू जावं म्हणून ओरडली.

“मले नाही आयकू आली,” तो म्हणाला, आणि पोतं पुन्हा नीट माझ्यावर पांघरून निघून गेला.