न झिजलेले दाते

डॉक्टरीणबाईंची गाडी गॅरेजच्या दारात आली ती दोरीने ओढत. गाडी नव्वदीची, बाई पंचाहत्तरीच्या. वडिलांनी घेतलेली ती गाडी बाई अजून स्वतः चालवत. आदल्या दिवशी मात्र वळताना स्टिअरिंग अडकलं आणि गाडी थेट फाटकाच्या खांबावर गेली. बाईंना खरचटलंही नाही, पण मुलाने हाय खाल्ली. गाडी आता एखाद्या हॉटेलात शोभेला ठेवायची, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं.

गॅरेज दीर-भावजयीचं. दीर गाडीखाली आणि नवरा गेल्यापासून भावजय धातू कातायच्या लेथवर, अशी कामाची वाटणी. येणारे-जाणारे सगळे तिला वहिनीच म्हणत. दिराने हात टेकले होते. गिअरचे दाते झिजलेत, नवे मिळत नाहीत, दुसऱ्या गाडीची स्टिअरिंग पेटी बसवू, एवढंच तो सांगत होता.

"भाऊजी, आधी हिची जुनी पेटी माझ्या टेबलावर येऊ दे," वहिनी म्हणाली.

तिने पेटी उघडली, रॉकेलने धुतली आणि आतल्या दातेरी चाकावरून नख फिरवलं. मधले तीन-चार दाते पार झिजलेले, बाजूचे मात्र धडधाकट. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, त्यामुळे सगळा मार मधल्यांनाच. स्टिअरिंगचा ढिलेपणा घालवायला दिराने याआधी तीन वेळा पेटीवरचा नट आवळला होता. त्याने सरळ रस्त्यावर बरं वाटायचं, पण वळताना जाड दाते आले की चाक गच्च. खांबावर गाडी गेली ती त्यामुळेच.

गिऱ्हाइकासमोर ती काही बोलली नाही. दिराला आत बोलावून दाते दाखवले. त्यानेही त्यांवरून नख फिरवून पाहिलं.

मग तिने चाक पुरतं बाहेर काढलं. ते अख्खं गोल होतं, आणि गाडी त्यातला जेमतेम पाव भाग वापरत होती. बाकीचे दाते नव्वद वर्षं बसून खात होते! चाकाच्या आसाचं टोक चौकोनी, म्हणजे पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा त्यावर चारही बाजूंनी बसणार. तिने चाक पाव फेरा फिरवून कोऱ्या दात्यांवर आणलं. आसाभोवतीचा पितळी बुश, म्हणजे आस ज्यात फिरतो ते कडं, झिजून अंडाकृती झाला होता, तो लेथवर नवा केला. पहिला अंमळ घट्ट झाला. तो भंगारात टाकून तिने दुसरा कातला. तिसऱ्या दिवशी पुढची चाकं उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवलं. एका बोटाने फिरलं, कुठे अडलं नाही.

मुलाने खात्री मागितली.

"पहिल्या फेरीला मी तुमच्या आईंच्या शेजारी बसते," वहिनी म्हणाली. "तुम्ही मागे बसा."

तेवढ्यात दीर हात पुसत पुढे आला. "बाई, तो नट मी आवळला होता. खांबावर गाडी गेली ती माझ्या चुकीने. गाडीचा दोष नाही."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मग तुम्हीही बसा मागे."

मोकळ्या मैदानात बाईंनी डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन फेरे मारले. मागे दोघे पुरुष दाराला घट्ट धरून बसलेले. तिसऱ्या फेऱ्याला बाईंनी कुणालाही न विचारता गाडी रस्त्यावर घातली आणि वहिनीने काच खाली केली.